देवबागहून हवेच्या होडीने कर्ली खाडी ओलांडून निवती किल्ला: भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं?

घाटवाट_पक्या

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये एक प्लॅन डोक्यात आहे, त्यावर जाणकारांचं मत हवंय. तारकर्लीपासून किनाऱ्याने चालत देवबागच्या टोकापर्यंत यायचं, तिथे संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते, ती ओलांडून पलीकडे भोगवे आणि मग भोगव्याच्या पुळणीवरून चालत किल्ले निवती. गाडीने जायचं तर मालवण, चौके, नेरूरपारचा पूल, परुळे असा भलामोठा वळसा पडतो आणि समोर बघितलं तर भोगव्याचा डोंगर अगदी हाताशी दिसतो, त्यामुळे पाणी ओलांडूनच जायचं असं मनात पक्कं बसलंय.

आम्ही दोघं आहोत, दोघांनाही पोहता येतं (विहिरीत आणि टँकमध्ये, समुद्रात फारसं नाही). होडी म्हणजे ऑनलाइन मिळते ती दोन माणसांची पीव्हीसीची हवा भरायची, सोबत प्लास्टिकची दोन वल्ही. गुगल मॅपवर मोजलं तर साधारण अर्धा किलोमीटर पाणी येतंय. माझा अंदाज असा की ओहोटीला पाणी कमी असतं, वाळू उघडी पडते, म्हणजे वल्हवायचं अंतरही कमी, म्हणून सकाळी नाश्ता करून १० च्या सुमारास ओहोटी चालू असताना निघावं आणि संध्याकाळी ४-५ ला परत यावं. शनिवार-रविवार धरलाय, शनिवारी एकादशी आहे.

यात काही चुकतंय का? आणि परवानगी वगैरे लागते का? लोकल होडीवाल्यांनी नेलं तर प्रश्नच मिटतो हे माहीत आहे, पण स्वतःच्या ताकदीवर पार करायची फार इच्छा आहे.

खाडीकाठ

भावा, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, १० वाजता ओहोटीत संगमावरून निघायचा बेत आजच रद्द कर. बाकी सगळं नंतर बोलू.

आमचं घर खाडीच्या बाजूला आहे, लहानपणापासून हे पाणी बघतोय. ओहोटीला पाणी कमी असतं हे तुझं बरोबर, पण ते कमी होताना जातं कुठे? आत लांबवर पसरलेली खाडी, तिच्या फाट्यांमधलं, खाजणातलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर समुद्रात पडतं. वाळू उघडी पडली की तोंड अजून अरुंद होतं आणि तेवढ्याच जागेतून सगळी धार निघते. वरून पाणी गुळगुळीत दिसतं म्हणून माणूस फसतो. शिवाय तोंडाबाहेर वाळूचा बांध आहे, त्यावर आत येणारी लाट आणि बाहेर जाणारी धार समोरासमोर भिडतात आणि लाटा उभ्या राहून फुटतात, मोठे मच्छीमार ट्रॉलरसुद्धा तिथून वेळ बघूनच आत-बाहेर करतात. आमच्याकडे पोरांना एवढंच सांगतात, पाणी सुकताना तोंडार जाव नको रे.

आता करायचं काय ते. संगमावरून ओलांडूच नको. देवबागच्या खाडीकडच्या बाजूला, तोंडापासून चांगलं आत ये आणि तिथून पलीकडे कोर्जाईच्या बाजूला जा. कोर्जाईला जेटी आहे, उतरायला जागा आहे, तिथून भोगव्याला डांबरी रस्ता चालत जातो. थोडं चालणं वाढेल, पण तुम्ही चालायलाच येताय ना. आत ओलांडलं की चुकून वाहत गेलात तरी तोंड गाठायच्या आत काठाला लागायला जागा उरते.

आणि वेळ म्हणजे भरतीचा शेवट. पाणी चढत असताना, पण चढण्याचा जोर संपत आलेला. तेव्हा धार आत नेते. वल्हं मोडलं, होडी मऊ पडली, जोडीदार घाबरला, काहीही झालं तरी तुम्ही खाडीच्या आत जाल, कांदळवनात अडकाल, चिखलाने भराल, पण समुद्रात जाणार नाही.

एकादशीला आमच्याकडे सकाळी साडेसातच्या आसपास भरती लागते. नाश्ता पलीकडे जाऊन करा.

काका_रत्नागिरी

वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. फक्त ते साडेसात कसं आलं ते लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी पक्याला स्वतः काढता येईल.

किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. एकादशी म्हणजे ११, त्याची पाऊणपट सव्वाआठ. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बराच जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडे ती मुंबईच्या पाऊण-एक तास आधी येते, म्हणून साडेसात. रोज साधारण ५० मिनिटं पुढे ढकलायची, म्हणजे रविवारी द्वादशीला सव्वाआठ. भरती ते ओहोटी सव्वासहा तासांच्या आतबाहेर, म्हणून शनिवारी पूर्ण सुकती पावणेदोनच्या सुमारास. हा झाला आडाखा, घरी बसून तारीख निवडायला. प्रत्यक्ष जाताना त्या तारखेचं टाइड टेबल बघायचंच, आणि ते मुंबईचं बघायचं नाही, मालवण किंवा वेंगुर्ल्याचं, नाहीतर निदान मार्मागोव्याचं बघायचं. आणखी एक, आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळला लावू नये.

आता पाण्याचा जोर. सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी भरती-सुकतीत सव्वा मीटरचा फरक आहे, तर पहिल्या तासात जेमतेम १० सेंटीमीटर आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ३० च्या वर. भरती साडेसातला असेल तर तिसरा-चौथा तास म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा. पक्याने निवडलेली १० ची वेळ नेमकी त्यात पडते, म्हणजे दिवसभरातली सगळ्यात जोराची बाहेर जाणारी धार.

याचं गणित करून बघ. असली होडी दोघं बसून, सामान घेऊन ताशी ३ किलोमीटर गेली तरी खूप. अर्धा किलोमीटर म्हणजे १० मिनिटं. धारही ताशी ३ किलोमीटर असेल, आणि ओहोटीत अरुंद तोंडाशी एवढी सहज असते, तर त्या १० मिनिटांत तू अर्धा किलोमीटर खालीही वाहून गेलेला असशील. संगमावरून निघालास तर तो अर्धा किलोमीटर म्हणजे उघडा समुद्र. हेच भरतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात केलंस तर धार ताशी अर्धा-एक किलोमीटरच्या वर नसते आणि तू शे-दीडशे मीटर आत सरकतोस, बस.

तिथी मात्र चांगली निवडली आहेस. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग, तेव्हा फरक सगळ्यात कमी. एकादशी-द्वादशी भांगाच्या जवळची आहे, जोर कमी आणि भरतीही सकाळची. हाच बेत पौर्णिमेला केला असतास तर भरती सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या आसपास आली असती, म्हणजे पाण्याचा जोरही जास्त आणि वारंही उठायच्या बेतात.

वल्हं_आणि_वाट

मी पुण्याची, पॅकराफ्ट (घडी करून पाठीवर नेता येणारी हवेची होडी) वापरते, कोकणातल्या खाड्यांमध्ये आणि धरणांच्या पाण्यावर बरंच वल्हवलंय. काकांनी पाण्याचं सांगितलं, मी वाऱ्याचं आणि होडीचं सांगते कारण हवेच्या होडीला धारेपेक्षा वाराच जास्त नडतो, ती पाण्यात बुडतच नाही, वर तरंगते, त्यामुळे वारा तिला वाळक्या पानासारखा ढकलत नेतो.

डिसेंबरमध्ये पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. हलका असतो, पण दिशा बाहेरची आहे हे विसरायचं नाही. सूर्य वर आला की तो पडतो, मध्ये थोडा वेळ पाणी अगदी स्थिर असतं आणि ११-१२ नंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारभर वाढत जातो. शनिवारी सूर्य ७ च्या सुमारास उगवेल, म्हणजे ७ ते साडेसात ही तुमची वेळ: उजेड आहे, मतलई मंदावलेला आहे, भरती संपत आलेली आहे, आणि देवबागजवळच्या सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटाकडे जाणाऱ्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी, जेट स्की अजून सुरू झालेल्या नाहीत. हे शेवटचं लोक विचारात घेत नाहीत. सीझनमध्ये शनिवार-रविवारी त्या भागात बोटींची इतकी वर्दळ असते की पाण्यालगत बसलेली राखाडी होडी वेगात येणाऱ्या ड्रायव्हरला दिसेलच याची खात्री नाही. भडक रंगाचं जॅकेट घाला, वल्ह्याच्या पात्यांना केशरी टेप लावा.

आता होडी. खरं सांगू का, ती पीव्हीसीची होडी मला पटत नाही. तलावात काठाकाठाने मुलांना फिरवायला ठीक. वल्ह्यांच्या कड्या प्लास्टिकच्या असतात आणि जोर लावल्यावर नेमक्या तिथेच तुटतात, तळ पातळ असतो, आणि कोकणातल्या खडकांवर, जेटीच्या पायऱ्यांवर कालवं चिकटलेली असतात ती ब्लेडसारखी कापतात. पॅकराफ्ट साधारण ३ किलोची असते, पाठीवर जाते, कापड जाड असतं, आणि चार तुकड्यांचं दोन पात्यांचं वल्हं मिळतं त्याने होडी सरळ जाते. महाग आहे हे मान्य, पण भाड्याने किंवा ओळखीत मिळते का बघा. तीच होडी न्यायची असेल तर निदान दोन-तीन वेगळे हवेचे कप्पे आहेत ना ते तपासा, आणि दोघांमध्ये एक जास्तीचं वल्हं बांधून ठेवा. आणि आधी एखाद्या शांत तलावात, जिथे परवानगी आहे तिथे, सामानासकट बसून बघा. मुद्दाम उलटा आणि पाण्यातून परत आत चढता येतं का ते बघा. नाही जमलं तर खाडीत जाऊ नका, एवढं ऐकाच.

हवेबद्दल एक बारीक गोष्ट. काठावर होडी टणक भरली तरी थंड पाण्यात टाकल्यावर आतली हवा आकसते आणि पाच मिनिटांत होडी मऊ लागते. म्हणून भरून पाण्यात ठेवायची, थोडं थांबायचं, परत हवा मारायची आणि मग निघायचं. उलट पलीकडे पोचल्यावर उन्हात वाळूवर तशीच ठेवली तर फुगून शिवण सुटू शकते, तेव्हा थोडी हवा सोडायची.

लाइफ जॅकेट अंगात, बकलं लावलेली. सोबत आणलंय आणि बुडाखाली ठेवलंय असं नाही. शिट्टी जॅकेटला बांधलेली. सॅक होडीच्या पुढच्या भागात बांधा, पाठीवर अजिबात नको, आणि स्वतःला दोरीने होडीशी बांधून घेऊ नका. पायात बूट किंवा पट्ट्यांचे सँडल असू द्या. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावर, सॅकमध्ये नाही. कोस्ट गार्डचा १५५४ आणि ११२ दोन्ही नंबर दोघांच्या फोनमध्ये, आणि काठावर कुणाला तरी सांगून जा की आम्ही इतक्या वाजता निघतोय, पोचल्यावर फोन करतो.

घाटवाट_पक्या

बाप रे. खूप खूप आभार. मी ओहोटीचा विचार फक्त खोलीच्या अंगाने करत होतो, धार कुठल्या दिशेला नेते हा विचारच नव्हता.

मग नवीन बेत असा. शुक्रवारी रात्री देवबागला मुक्काम. शनिवारी साडेसहाला खाडीच्या बाजूला, होडी भरून पाण्यात ठेवायची, ७ ला निघायचं, कोर्जाईला उतरायचं, भोगवे, निवती किल्ला. पॅकराफ्टसाठी एका मित्राला विचारलंय, दोघांसाठी दोन मिळायची शक्यता आहे. प्रश्न परतीचा आहे. शनिवारी पुढची भरती रात्री पावणेआठ-आठला, म्हणजे अंधार. दुपारी पावणेदोनला सुकतीच्या वेळी पाणी थांबलेलं असेल ना, तेव्हा परत आलो तर?

काका_रत्नागिरी

परतीचा प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस. जाणं सगळे नीट आखतात, येणं राहून जातं.

सुकतीला धार थांबते हे खरं. पण टेबलातली वेळ आणि खाडीतली धार थांबायची वेळ एक नसते. समुद्रात पाणी चढायला लागलं तरी आतलं पाणी अजून बाहेर येत असतं, पाव-अर्धा तास, कधी जास्त. काठावर उभं राहून पाण्यावरचं पान, फेस, नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघायची. होड्या धारेच्या विरुद्ध तोंड करून उभ्या असतात, त्या फिरायला लागल्या की धार वळली. घड्याळापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेव. हाच नियम सकाळी भरतीलाही लाव: टेबलात साडेसात असलं तरी होड्या फिरलेल्या दिसल्या तर निघू नकोस.

दुपारी अडचण वाऱ्याची आणि चिखलाची. खारा वारा तोपर्यंत अंगात आलेला असतो. तो आत ढकलतो, धारही आत वळत असते, त्यामुळे समुद्रात जायची भीती कमी, पण देवबागच्या बाजूला यायला वाऱ्याशी झगडावं लागेल.

खाडीकाठ

चिखलाचं मी सांगतो. सुकतीला खाडीच्या कडेला पाणी दूर जातं आणि मध्ये जो पट्टा उघडा पडतो तो काही ठिकाणी वाळू, काही ठिकाणी मऊ चिखल. दिसायला सारखाच. गुडघाभर पाय गेला की होडी उचलून चालणं होत नाही. चुकून अडकलात तर उभं राहून पाय ओढू नका, होडी आडवी टाका, तिच्यावर पोटाने वजन द्या आणि एकेक पाय मोकळा करा. पण मुळात जेटीशिवाय दुसरीकडे उतरूच नका. आणि खाडीत जाळ्यांचे खुंट असतात, सुकतीला दिसतात, भरतीला पाण्याखाली जातात. खुंट किंवा तरंगणारे डबे दिसले तर लांबून जा, जाळ्यात होडी गुंतली तर तुमचंही नुकसान आणि त्या माणसाचंही.

माझा सल्ला, शनिवारी परत येऊच नका. भोगव्याला घरगुती राहायची सोय होते, जेवण चांगलं मिळतं. किल्ल्यावर दुपारी घाई करू नका, वरून एका बाजूला भोगव्याची अख्खी पुळण दिसते, दुसऱ्या बाजूला निवतीची, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रातले निवती रॉकचे खडक आणि तिथलं दीपगृह. शिवाजी महाराजांच्या काळातला हा किल्ला पुढे सावंतवाडीकरांकडे होता आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला, आता बरीच पडझड आहे, जांभ्याचे बुरूज आणि खंदक तेवढे नीट बघायला मिळतात. झाडी वाढलेली असते, काठी ठेवा. रविवारी पाऊणला... चुकलं, पावणेआठला कोर्जाईच्या जेटीवर या, द्वादशीची भरती सव्वाआठला, त्याच पद्धतीने परत.

होडी किल्ल्यावर नेऊ नका, कोर्जाईतच कुणाच्या अंगणात विचारून ठेवा, कोणी नाही म्हणणार नाही. काठावर ठेवणार असाल तर भरतीचा कचरा जिथे ओळीने पडलेला दिसतो त्याच्या बरंच वर ठेवून झाडाला बांधा, रात्रीची भरती सकाळपेक्षा जास्त चढू शकते.

परवानगीचं म्हणशील तर खाडीत कोणी फिरू नये असं काही नाही, पण २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे लक्ष असतं, आणि ते बरोबरच आहे. आदल्या दिवशी पोलिसांना आणि बंदर खात्याच्या कार्यालयात सांगून ठेवा, ओळखपत्र जवळ ठेवा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी जेटीवर जाऊन एखाद्या जुन्या होडीवाल्याला विचारा, उद्या सकाळी पाणी कसं आहे. वाळू दरवर्षी सरकते, पावसाळ्यानंतर तर तोंडच बदलतं, गुगलचा फोटो कधीचा आहे कोणास ठाऊक.

वल्हं_आणि_वाट

दोन पॅकराफ्ट मिळाल्या तर उत्तम, एक बिघडली तर दुसरी आहे. दोघांनी हाकेच्या अंतरात राहायचं, एकाने पुढे पळायचं नाही. समोरच्या काठावर एक खूण धरा, झाड किंवा जेटीचं टोक, आणि तिच्या मागच्या डोंगरावर दुसरी खूण. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर तुम्ही सरळ जाताय. पुढची खूण मागच्या खुणेवरून सरकायला लागली की धार नेतेय. मग होडीचं नाक धार जिकडून येतेय त्या बाजूला थोडं वळवून वल्हवत राहायचं, पूर्ण उलटं फिरून भांडायचं नाही, दमून जाता आणि जागचे हलत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉईसच्या (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर लाटांचा अंदाज बघा. उंच लाटांचा किंवा लांबून येणाऱ्या फुगाऱ्याचा इशारा असेल तर स्थानिक हवा कितीही शांत असली तरी जाऊ नका, खाडीच्या तोंडातून ते पाणी आत येतं.

आणि कधी सोडून द्यायचं ते दोघांनी आधीच ठरवा. सकाळी ७ ला पाण्यावर पांढरे फेसाळ शेंडे दिसले, पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही, होड्या फिरल्या, दोघांपैकी एकाचं मन होत नाही, यातलं एक जरी असलं तरी होड्यांची हवा काढायची आणि लोकल बोटवाल्याला पैसे देऊन पलीकडे जायचं. तुमचा ट्रेक तेवढाच छान होणार आहे.

घाटवाट_पक्या

ठरलं. रविवारी सकाळीच परत, शनिवारी भोगव्याला मुक्काम. पुढच्या आठवड्यात तलावात उलटून परत चढायची प्रॅक्टिस करतोय, जोडीदारालाही हा सगळा धागा वाचायला दिलाय आणि तिनेच सांगितलं की धुकं असेल तर ती उतरणार नाही. एकच शंका उरलीय, शनिवारी धुक्यामुळे साडेसात टळले आणि ८ ला धुकं गेलं तर निघावं का?

खाडीकाठ

नाही. ८ ला पाणी वळलेलं असणार, त्यानंतर दर मिनिटाला जोर वाढतो. बोटवाल्याकडे जा. धुकं लवकर गेलं आणि होड्या अजून जागच्या जागी असतील तरच. शुक्रवारी पोचलात की इथेच मेसेज टाका, मी गावातच आहे त्या दिवसांत, जेटीवर येऊन पाणी दाखवतो.